एकोणचाळीस दातांचे चक्र

आमच्या घरच्या ‘स्टँडर्ड हेरॉल्ड’ मोटारीचे कण्हणे प्रथम ऐकू आले ते खानापूरच्या रस्त्यावर, दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात. ऐकू आले म्हणजे आमच्या अण्णांना ऐकू आले. वयाची शहाऐंशी वर्षे उलटल्यावर त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही. पण मोटारीच्या पोटातला फरक त्यांच्या कानांतून सुटत नाही. शेजारच्या आसनावर बसल्या बसल्या त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “पाय सोड बघू.” आम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. “आता दाब.” दाबला. “दाबलास की रडते, सोडलास की गप्प होते. हे इंजिन नव्हे. मागं बघायला हवं.”

आम्ही बघितले नाही. लग्नसराई होती, मुलांच्या परीक्षा होत्या. निमित्तांना काय तोटा? तीन आठवड्यांनी जांबोटीच्या अलीकडे एका चढावर गाडीखालून कटकन आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी मात्र जागच्या जागी. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ती बेळगावास आणावी लागली. त्या साऱ्या वाटेत अण्णा एक शब्द बोलले नाहीत आणि घरी आल्यावरही कित्येक दिवस त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. आम्हांस त्यांच्या रागाची सवय आहे. ह्या मौनाची नव्हती.

ही गाडी अण्णांनी १९६६ साली घेतली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून हेरॉल्ड बांधावयास घेतली होती. दोन दारांची, चिमुकली, संपूर्ण बॉनेट पुढे कलंडणारी ही मोटार त्या काळी रस्त्याने गेली की लोक वळून पाहत. आमच्या आईने कॅम्पातल्या रिकाम्या रस्त्यांवर तीच चालवावयास शिकून घेतली. नऊवारी नेसून स्टिअरिंगवर बसलेली आई हे आमच्या बालपणीचे एक ठळक चित्र आहे. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. पुण्याच्या आमच्या दादांनी फोनवर विचारले, “भंगारवाला किती देतो?” तेव्हा आम्हीही क्षणभर हिशेब केलाच, तो हिशेब अण्णांना ऐकू गेला नसावा अशी आशा आहे.

जे मोडले ते डिफरन्शियल. ही वस्तू कशासाठी असते हे पुष्कळ मोटारमालकांस ठाऊक नसते, आम्हांसही नव्हते. बैलगाडीची दोन्ही चाके आखावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी. कोणी कोणाला अडवीत नाही, कारण ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत मात्र चाकेच गाडी ढकलतात, तेव्हा दोहोंनाही जोर द्यावयाचा आणि वळणावर त्यांना कमीअधिक फिरण्याची मोकळीकही ठेवावयाची, असे दुहेरी काम पडते. ते हे यंत्र करते. शिवाय इंजिनाकडून येणारा लांब दांडा ज्या दिशेने फिरतो तिला काटकोनात वळवून तो फेर चाकांना द्यावयाचा आणि देताना त्याचा वेग कमी करून जोर वाढवावयाचा, हेही त्याचेच काम. दांड्याच्या टोकाला असते ते लहान दंतचक्र म्हणजे पिनियन; त्याने फिरविले जाते ते मोठे चक्र म्हणजे क्राउन. मोठ्याचे दात भागिले धाकट्याचे दात, हा त्या गाडीचा रेशो. पुढील साऱ्या कथेचे मूळ ह्या एका भागाकारात आहे.

“मग दुसऱ्या कुठल्याही गाडीचं बसवा की,” असे सांगणारे शेजारी पुष्कळ भेटले. ॲम्बॅसडर म्हणा, प्रीमियर पद्मिनी म्हणा, त्या गाड्यांना मागे एक अखंड आख असतो आणि डिफरन्शियल त्या आखाच्या पोटात राहते. हेरॉल्डचे तसे नाही. तिच्यात डिफरन्शियलचा गोळा रबरी बुशांतून बोल्टांनी सांगाड्यालाच जखडलेला असतो. त्याच्या डोक्यावर आडवा पाटा बसतो, आणि दोन्ही बाजूंनी निघणारे अर्धे आख सांध्यावर खालीवर हलतात, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या खड्ड्यापुरते पाहते. १९५९ साली निघालेल्या स्वस्त मोटारीत ही मोठीच चैन होती. पण त्यामुळे पराव्या गाडीचा गोळा तिच्यात बसावयाचा नाही. फार काय, त्याच मद्रासच्या कारखान्याने पुढे काढलेल्या ‘गझेल’चाही बसत नाही, कारण त्या गाडीत त्यांनी मागे अखंड आख घातला. नाव एक, घराणे एक, इंजिन तेच, आणि मागचा भाग मात्र निराळा. गझेलचा सबंध आख घालावयाचा तर सांगाडा कापावा लागेल असे आमच्या मिस्त्रींनी सांगितले आणि पुढे म्हणाले, “कापून देतो की साहेब. पण मग ही हेरॉल्ड म्हणायची नाही आणि गझेल पण म्हणायची नाही.”

हे मिस्त्री अण्णांच्या जुन्या मिस्त्रींचे चिरंजीव. त्यांनी गोळा खाली उतरवून उघडला तेव्हा क्राउनचे तीन दात उडालेले होते आणि त्यांचे तुकडे तळाशी काळ्या चिखलात पडले होते. चिखलच म्हणावयाचा, तेल नव्हेच. ह्या गोळ्यात तेल मावते अवघे अर्ध्या लिटरहून किंचित अधिक. पुढचे ऑइल सील झिजलेले. वर्षानुवर्षे थेंब थेंब गळत राहिले आणि आमच्या अंगणातल्या फरशीवरचा डाग आम्ही रांगोळीसारखा रोज पाहत राहिलो. हायपॉइड जातीच्या ह्या दातांत पिनियनचा मध्य क्राउनच्या मध्याच्या खाली ठेवलेला असतो. त्यामुळे दात दातावर नुसता टेकत नाही, घासत सरकतो. म्हणून त्याला साधे तेल चालत नाही, हायपॉइडचेच नव्वद नंबरचे लागते. ते संपले की प्रथम गाडी रडते आणि मग मोडते. अण्णांना ऐकू आले होते ते हेच. दोष सर्वस्वी आमचा होता.

बेळगाव हे ओतकाम आणि लेथ ह्यांचे गाव. उद्यमबागेत काय घडत नाही? आम्ही मोठ्या उमेदीने तुटका क्राउन पिशवीत घालून तिथल्या एका परिचितांकडे गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि चहा मागविला; चहा मागविला तेव्हाच आम्ही समजलो. सरळ दातांचे चक्र कोणीही कापून देईल. परंतु हे दात वक्र, तिरपे आणि मध्यापासून सरकलेले. त्यांना स्वतंत्र यंत्र लागते. कापल्यावर पोलादाचा वरचा थर कठीण करावयाचा, आणि मग क्राउन व पिनियन एकमेकांवर घासून त्यांची जोडी जमवावयाची. एका जोडीसाठी ही सारी मांडणी करणे म्हणजे एका वाटी आमटीसाठी लग्नाचा मांडव घालणे. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मात्र सांगितली: ही चक्रे जोडीनेच जन्मतात, जोडीवर एकच आकडा कोरलेला असतो, आणि एकीचा नवरा दुसरीला देता येत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवूनही आम्ही फसलो. एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने फोनवर शपथेवर सांगितले की, हेरॉल्डचाच गोळा आहे, उघडून दुरुस्त केलेला आहे, हाताने फिरविला तर लोण्यासारखा फिरतो. पैसे पाठविले. गोळा आला. खरोखरच लोण्यासारखा फिरत होता. मिस्त्रींनी त्यातले तेल बशीत काढले, दोन बोटांत चोळले, आणि काही न बोलता बशी आमच्यापुढे केली. तेलात लाकडाचा भुसा होता. झिजलेल्या दातांचा आवाज दडपण्याची ही जुनी युक्ती. भुसा दातांत गादीसारखा बसतो आणि शे-दोनशे मैलांपुरती शांतता देतो. आत पाहिले तर क्राउनवर एक आकडा, पिनियनवर दुसरा. पैसे परत मिळाले नाहीत. अण्णांनी ती बशी पाहिली. पंधरा दिवसांत प्रथमच ते गाडीविषयी बोलले: “भुसा बारीक चाळलेला आहे. सागाचा दिसतो.”

आमचा भाचा इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे असतो. कॉव्हेंट्री म्हणजे हेरॉल्डचे माहेर. ट्रायंफ कंपनीचे हे गाव. भाच्याला कळविले तेव्हा त्याने उलट उत्तरी लिहिले, “मामा, इथे हेरॉल्डचे भाग अजून मिळतात. हवा तो मिळेल.” आमचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, “रेशो कोणता?” आणि तेथे घोडे अडले.

आमच्या क्राउनचे दात, मोडके धरून, ३९, पिनियनचे ८. भागाकार ४.८७५. हा रेशो ९४८ घनसेंटिमीटरच्या लहान इंजिनासाठी. विलायतेत ते इंजिन १९६४ नंतर हेरॉल्डमधून गेले. त्याआधीच १९६१ साली ११४७ घनसेंटिमीटरची ‘हेरॉल्ड १२००’ आली होती आणि तिला ३७ व ९ दातांची जोडी, म्हणजे ४.११ चा रेशो दिला गेला. ट्रायंफची ‘स्पिटफायर’ ही खेळकर गाडीही त्याच सांगाड्याच्या कुळातली. तिला आधी ४.११, मग ३.८९, शेवटी ३.६३. तिकडच्या लोकांना लांब सपाट रस्त्यांवर वेगाने जावयाचे असते, तेव्हा जुने ४.८७५ चे गोळे काढून ४.११ चे घालण्याचीच तिथे हौस. आपल्याकडे मात्र हेरॉल्डने ९४८ चे इंजिन शेवटपर्यंत सोडले नाही. म्हणजे जी जोडी माहेरी दुर्मिळ झाली ती सासरी अधिक सापडावी, असा हा उलटा न्याय.

“४.११ चा पाठवतो, अगदी बसेल,” भाचा म्हणाला. बसला असताही. बसणे आणि चालणे ह्यांत मात्र अंतर आहे. आम्ही कागद घेऊन मांडून पाहिले. ४.११ घातल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर जवळजवळ सोळा टक्क्यांनी घटणार. सपाटीवर गाडी शांत धावेल, पेट्रोलही कदाचित वाचेल. परंतु बेळगावच्या माणसाला सपाटी मिळते तरी किती? कोकणात उतरावयाचे तर आंबोली, गोव्यास जावयाचे तर चोर्ला. आणि उतरलेला माणूस परतताना चढतोच. पस्तीसच्या आसपास अश्वशक्तीचे म्हातारे इंजिन, चौघे माणसे, वर काजूचे डबे: चोर्ल्याच्या वळणांवर गाडी पहिल्या गिअरातही धापा टाकील. दुसरी अडचण मैलाच्या काट्याची. त्याची तार गिअरपेटीतून निघते. तिला मागचा बदल कळत नाही. काटा पन्नास मैल दाखवील तेव्हा गाडी एकोणसाठांनी धावत असेल. ज्या गृहस्थाने साठ वर्षे काट्यावर विश्वास ठेवला, त्याला खोटा काटा देणे आम्हांस प्रशस्त वाटेना. अण्णांना विचारले तर ते एवढेच म्हणाले, “घाट चढायची नसेल तर ती गाडी काय शोकेसात ठेवायची?”

शेवटी मद्रास, म्हणजे आताचे चेन्नई, हेच ठरले. जिथे गाडी घडली तिथेच तिचे अवयव अधिक उरलेले असणार. तेथील पुदुपेट ह्या भागात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे हे ऐकून होतो. जाण्यापूर्वी मिस्त्रींनी आम्हांस दोन दिवस शिकविले, आणि ते शिक्षण कोणाही जुन्या मोटारवाल्याच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद करतो. गाडीचा मूळ रेशो न उघडता काढावयाचा असेल तर मागचे एकच चाक जॅकवर उचलावे, दुसऱ्याला दगड लावावा, गिअर मोकळा ठेवावा, आणि लांब दांड्यावर खडूची खूण करून उचललेले चाक वीस वेळा फिरवावे. एक चाक अडलेले असल्यामुळे दुसऱ्याचे दोन फेर म्हणजे क्राउनचा एक. ४.८७५ असेल तर दांडा पावणेएकोणपन्नास फेर घेतो, ४.११ असेल तर एकेचाळीस आणि वर थोडेसे. वीस एवढ्यासाठी की, दोनच फेरांत नजरेची चूक होते. सुट्या गोळ्याची परीक्षा उलटी: एका बाजूची फ्लँज पक्की धरून पिनियन ३९ वेळा फिरवावे. मोकळी फ्लँज बरोबर सोळा फेर घेऊन खूण जागेवर आली तर तो आपला. एकोणीसाच्या जवळ गेली तर तो ३७-९ चा, परका. याखेरीज त्यांनी पुढच्या व बाजूच्या फ्लँजांचे छाप पुठ्ठ्यावर कापून दिले, कारण लवकरच्या आणि उशिराच्या गाड्यांत भोकांची जागा बदलते. आणि एक चमचा दिला. चमचा तेल काढून पाहण्यासाठी.

पुदुपेटच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना लोखंडाचे डोंगर असतात. दारे एकीकडे, दिवे एकीकडे, गिअरपेट्या एकावर एक रचलेल्या. आणि ह्या साऱ्यात दुकानदाराला मात्र कोणती वस्तू कोठे आहे हे डोळे मिटून ठाऊक. तमिळ आम्हांस येत नाही. पहिल्या दिवशी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीने चार दुकाने फिरलो. दोन ठिकाणी ‘नाही’ आले, एका ठिकाणी गोळा निघाला पण त्याचे अंग तडकलेले होते, चौथ्या ठिकाणी खूण एकोणीसाकडे पळाली. हा बाहेरून आलेल्या एखाद्या गाडीचा असावा. दुसऱ्या दिवशी एका लहान दुकानातले वृद्ध कारकून आमचे आपसातले बोलणे ऐकून एकाएकी हसले. ते तंजावरकडचे, घरात अजून मराठी बोलतात. त्यांची मराठी आमच्या कानांना अर्धी ओळखीची, अर्धी परकी, आणि बहुधा आमची त्यांनाही तशीच. इकडे कानडीच्या आणि तिकडे तमिळच्या शेजारात राहून आलेल्या दोन मराठ्यांची गाठ डिफरन्शियलपाशी पडावी ह्याचे आम्हांस आजही कौतुक वाटते. त्यांनी पोऱ्याला आत पिटाळले. तो धुळीने माखलेला एक गोळा ओढीत घेऊन आला.

आम्ही खडू काढला. एकाने फ्लँज धरली, एकाने पिनियन फिरविले, कारकूनबुवा मोठ्याने मोजू लागले. अडतीस, एकोणचाळीस. मोकळ्या फ्लँजवरची खूण सोळावा फेर पुरा करून जागेवर येऊन उभी राहिली. झाकण काढावयास लावले: दोन्ही चक्रांवर आकडा एकच. तेल काळे होते, पण चमच्यात भुसा नव्हता, पोलादाचा चुरा नव्हता. पुठ्ठा लावला तर बाजूच्या फ्लँजा जुळल्या, पुढची मात्र मोठी निघाली. आमचे तोंड उतरलेले पाहून कारकूनबुवांनी समजावले की, आपल्या मोडक्या गोळ्याची पुढची फ्लँज काढून ह्याला लावता येते. मूळ नटावर आधी खूण करावी आणि परत लावताना तो त्याच खुणेपर्यंत आवळावा, अधिक नाही, नाहीतर पिनियनची बेअरिंगे भरडली जातात. किमतीबद्दल घासाघीस करण्याचे आमच्या जिवावर आले. गोळा पोत्यात शिवून रेल्वेने बेळगावास आणला. बंगळुरूपर्यंत एक सहप्रवासी त्यावर पाय ठेवून झोपला होता.

बसविण्याच्या दिवशी अण्णा खुर्ची टाकून गॅरेजात बसले. मिस्त्रींनी क्राउनच्या चार-पाच दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि पिनियन फिरविले. शेंदराचा ठसा दाताच्या मध्यावर उमटला तर जोडी नीट बसली. टोकाला किंवा बुंध्याला उमटला तर पातळ शिम काढून-घालून चक्र सरकवावे लागते. ठसा मध्यावरच होता, किंचित बुंध्याकडे. मिस्त्री म्हणाले, चालेल. अण्णा म्हणाले, चालणार नाही. एक शिम बदलली गेली. नवी ऑइल सीले घातली, पाटा पुन्हा गोळ्यावर बसवून त्याचे सहाही नट आवळले, आणि भरण्याच्या भोकाच्या काठाशी येईतो नव्वद नंबरचे तेल ओतले. ह्यात दोन दिवस गेले. पुण्याच्या दादांचा त्या रात्री फोन आला. भंगाराचे त्यांनी विचारले नाही. चोर्ल्याकडे कधी निघणार ते विचारले, आणि शनिवारी सकाळी स्वतःच दारात उभे राहिले.

जांबोटी मागे पडली तेव्हा गाडीत कोणी बोलत नव्हते. चढ लागला. आम्ही पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आवाज होता तो इंजिनाचा आणि वाऱ्याचा. त्या दिवशी चोर्ला उतरून साखळीला जेवलो आणि उन्हे कलल्यावर तोच घाट चढून परत निघालो. अवघड वळणे दुसऱ्या गिअरात गेली. दोनच ठिकाणी पहिला घालावा लागला. माथ्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. अण्णा दादांचा हात धरून उतरले, मागच्या बाजूस गेले, आणि कोणी नको म्हणण्याच्या आत गुडघा टेकून खाली वाकले. हाताची पालथी बाजू त्यांनी गोळ्याला लावली. गोळा फार तापला असता तर हात लगेच मागे आला असता. आम्ही पाहत उभे होतो. अण्णांनी हात तसाच ठेवला आणि वर न बघता दादांना म्हणाले, “माझा चहा इकडंच आण.”